तागडीत काय असतं?

मराठी माणसाच्या बोलण्यात ‘वजन’ हा शब्द जितका राबतो, तितका क्वचितच दुसरा एखादा राबत असेल. गहू-तांदळाला वजन असतं, आजारातून उठलेल्या माणसाचं वजन उतरलेलं असतं, वडीलधाऱ्यांच्या शब्दाला वजन असतं, गझल लिहिणारे ओळीचं वजन बघतात. कचेरीत कागद उडू नये म्हणून त्यावर वजन ठेवावं लागतं आणि ज्याच्या ओळखीनं ते न ठेवताही काम होतं, त्याचं साहेबाकडं वजन असतं. तागडीत टाकायच्या लोखंडी तुकड्यालाही आपण वजनच म्हणतो. इतकी कामं करून दमलेल्या या शब्दाच्या शेजारी विज्ञानाच्या पुस्तकानं ‘वस्तुमान’ नावाचा एक नवाकोरा शब्द आणून बसवला आणि पोरांना सांगितलं की हे दोघे वेगळे, यांच्यात गल्लत करायची नाही.

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी तीस-बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. दरवर्षी हा धडा यायचा आणि दरवर्षी पोरं व्याख्या तोंडपाठ म्हणायची. वस्तूत सामावलेलं द्रव्य म्हणजे वस्तुमान, ते किलोग्रॅममध्ये मोजतात. पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलानं आपल्याकडं ओढते, ते बल म्हणजे वजन, ते न्यूटनमध्ये मोजतात. एक किलोच्या वस्तूचं वजन साधारण ९.८ न्यूटन. परीक्षेला प्रश्न ठरलेला, ‘फरक स्पष्ट करा’, गुण तीन. पानाच्या मधोमध रेघ ओढायची आणि दोन्ही बाजूंना मुद्दे लिहायचे. पुरे गुण मिळवणारं पोरगं संध्याकाळी घरी जाऊन “आई, माझं वजन पस्तीस किलो भरलं” असं सांगायचं ते सांगायचंच, आणि त्यात त्याचं काही चुकत होतं असं मला कधी वाटलं नाही. घरी येऊन “माझं वजन तीनशे त्रेचाळीस न्यूटन” म्हणणारं पोर असलं, तर आई आधी त्याचं कपाळ तापलंय का ते बघेल.

आमच्या घराण्यात हा घोळ आणखी वाढलेला. थोरली बहीण बडोद्याला दिलेली, तिची मुलं गुजराती शाळेत शिकली. गुजरातीत वस्तुमानाला ‘दळ’ म्हणतात. चुलतभाऊ इंदूरला, त्याच्या पोरांच्या पुस्तकात ‘द्रव्यमान’ आणि वजनाला ‘भार’. आमच्याच गावात कन्नड शाळेत जाणाऱ्या शेजाऱ्यांच्या मुलाला ‘द्रव्यराशी’ आणि ‘तूक’. दिवाळीच्या सुट्टीत ही सगळी फौज आमच्या पडवीत जमली की एकाचं दळ, दुसऱ्याचं द्रव्यमान, तिसऱ्याची द्रव्यराशी अशी चकली खात खात मारामारी चालायची. त्यात इंदूरचा ‘भार’ तर आमच्या पोरांना विजेच्या धड्यातला वाटायचा, कारण मराठी पुस्तकात तो विद्युतभार म्हणून भेटलेला. मला मात्र ऐकता ऐकता एक गोष्ट जाणवली. वजन, तूक हे शब्द बाजारातून आलेले, आज्या-पणज्यांच्या तोंडातले. द्रव्यमान, द्रव्यराशी, वस्तुमान हे शब्द शाळेसाठी घडवलेले. हजारो वर्षं माणसानं धान्य तोललं, सोनं तोललं, पण वस्तुमानासाठी वेगळा शब्द लागतो असं बाजारात कुणालाच कधी वाटलं नाही. हे असं का, हे पोरांना सांगता आल्याशिवाय धडा शिकवून झाला असं म्हणता येत नाही.

या शब्दांपैकी मला सगळ्यांत आवडला तो ‘द्रव्यराशी’. रास म्हटल्यावर आमच्या भागातल्या पोराला खळं दिसतं, मळणी दिसते. ‘द्रव्याची रास’ म्हटलं की निम्मी कल्पना मनात उतरलीच म्हणून समजा. मी वर्गात तो शब्द सर्रास वापरायला लागलो. ही गोष्ट संस्थेतल्या एका बुजुर्ग सभासदांच्या कानावर गेली आणि त्यांनी मला बोलावून विचारलं, “मराठी शाळेत कन्नड शब्द कशाला?” आमच्या भागातल्या वाचकांना या प्रश्नामागचं सगळं सांगायची गरज नाही. शाळा मराठी ठेवायला ज्यांनी उभा जन्म घालवला त्यांचा तो प्रश्न होता, त्यामुळं मी हसण्यावारी नेला नाही. “राशी संस्कृतातली आणि रास आपल्या खळ्यावरची, कन्नड पुस्तकवाल्यांनी आधी उचलली एवढंच,” असं मी म्हणालो. त्यांचं समाधान झालं की नाही कोण जाणे, पण त्यांनी चहा पाजला. खरी हरकत पुढं वर्गातल्याच एका पोरानं घेतली. “सर, कापसाची रास तर केवढी मोठी दिसतीय की! ज्वारीच्या मानानं तिच्यात काय बी नसतंय.” आता याला काय म्हणणार? रास डोळ्यांना दिसते ती आकारानं. वस्तुमान आकारात नाही. जुन्या लोकांची पायली-अधोली ही मापं आकाराची होती, भात त्यानं मोजलं जायचं, आणि हलकं-भारी भात ओळखायला मग हातात मूठ घेऊन बघावं लागायचं.

पुस्तकात या धड्याला हमखास चंद्राचं उदाहरण असतं. पृथ्वीवर साठ किलोचा माणूस चंद्रावर ताणकाट्याला टांगला तर काटा दहा किलो दाखवील, कारण तिथली ओढ सहा पटींनी कमी, पण त्याचं वस्तुमान साठच राहील. उदाहरण बरोबर आहे. पण पोरांना ते परीकथेसारखं वाटतं. वजन बदलतं ते चंद्रावर, आपल्या गावात कशाला बदलेल, अशी त्यांची पक्की समजूत होऊन बसते. म्हणून मी चंद्राला फाटा देऊन चोर्ल्याचा घाट घ्यायचो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे, पणजी समुद्राला टेकलेली. पृथ्वीच्या मध्यापासून जितकं दूर जावं तितकी तिची ओढ कमी होते. समजा, पणजीत बरोबर करून घेतलेला एक अतिशय नाजूक ताणकाटा आणि शंभर किलो तांदूळ घेऊन आपण घाट चढून बेळगावला आलो. काटा वीसएक ग्रॅम कमी दाखवील. अर्धी मूठ तांदूळ. वाटेत पोतं कुठं फाटलं नाही, दाणा सांडला नाही, तरी. हेच पोतं विषुववृत्तावरून ध्रुवावर नेलं तर फरक अर्ध्या किलोच्या घरात जातो, कारण पृथ्वी विषुववृत्ताजवळ थोडी फुगलेली आहे आणि तिथं तिच्या फिरण्याचाही परिणाम जास्त. हे काही कागदावरचे खेळ नाहीत. १६७२ साली झां रिशे हा फ्रेंच ज्योतिषी विषुववृत्ताजवळच्या कायेन बेटावर गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बिनचूक चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथं दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागं पडायला लागलं. लंबकाची लांबी कमी केल्यावर ते ताळ्यावर आलं. घड्याळ बिघडलं नव्हतं, ओढ कमी होती. पुढं न्यूटननं त्याचा अर्थ लावला.

घाटाचा हा हिशेब मी एकदा आमच्या वाचनालयातल्या बैठकीत सांगितला, तेव्हा एक कविमित्र उसळून म्हणाले, “अहो, ही तर आम्हा सीमेवरच्या माणसांचीच कथा! वस्तुमान तेच, पण हद्द ओलांडली की वजन बदललं!” टाळ्या पडल्या. मला काही ते रुचलं नाही. माणसाच्या मानाचं आणि तांदळाच्या वजनाचं असं लग्न लावलं की तांदूळ बाजूला राहतो आणि मान तर हाती येतच नाही. वजन हद्दीनं बदलत नाही, उंचीनं आणि अक्षांशानं बदलतं, आणि सगळ्यांचं एकाच हिशेबानं बदलतं. घाट चढताना मराठी तांदूळ आणि कन्नड तांदूळ सारखेच हलके होतात. तसं मी म्हणालोही. पण कविता एव्हाना सुरू झाली होती.

१९९४ सालची गोष्ट. आमच्या गावात एक किराणा दुकान होतं. दुकानदार सरळ माणूस, त्याची मुलगी माझ्याकडं नववीत. दुकानात पूर्वीपासून तागडी होती, पितळी पारड्यांची. तिचं एक पारडं किंचित हलकं, म्हणून त्याच्या साखळीला एक वाटाण्याएवढा शिशाचा तुकडा बांधलेला. त्याला पासंग म्हणतात. गावातल्या बायका पक्क्या, शंका आली की “पारडी बदल बघू” म्हणायच्या. वजनं या पारड्यातून त्या पारड्यात आणि माल त्यातून यात. तागडीची दांडी एका बाजूला लांब असली, तर या अदलाबदलीत ती लगेच उघडी पडते. कुठल्या शाळेत न गेलेल्या बायकांना हे ठाऊक होतं.

त्या वर्षी दुकानदाराच्या मेव्हण्यानं मुंबईहून त्याला तबकडीचा टांगता काटा आणून दिला. वजनं उचलायला नकोत, पिशवी अडकवली की आकडा समोर. दुकानाला जरा रुबाब आला. दोन-तीन महिन्यांत मात्र कुजबूज सुरू झाली. “तूक सरि इल्ल,” असं एका कन्नड बोलणाऱ्या गवंड्यानं भर दुकानात तोंडावर सांगितलं, वजन बरोबर नाही म्हणून. मग तेच मराठीतही सुरू झालं. गंमत अशी की तक्रार करणारे सगळे रोजंदारीवाले. महिन्याचा माल भरणारे म्हणायचे, छे, आम्हाला तर बरोबर मिळतं. त्यामुळं आधी भांडणाला वेगळाच वास यायला लागला. एकानं तर दुकानदार गरिबांना ओळखून लुबाडतो असंच चावडीवर म्हणून टाकलं. माणूस दोन दिवस जेवला नाही, असं मुलगी सांगत होती. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला. “सर, तुम्ही सायन्सवाले. येऊन बघून जावा की.”

गेलो. तबकडीच्या काचेवर पिठाची पुटं चढलेली. ती पुसली. पिशवी नसताना काटा शून्यावर नव्हता, एक बारीक रेघ पुढं होता. ती रेघ पन्नास ग्रॅमची. जुनी शिक्क्याची लोखंडी वजनं काढून एकेक अडकवली. एक किलोला काटा एक किलो पन्नास, दोनला दोन किलो पन्नास, पाचला पाच किलो पन्नास. विचारता विचारता कळलं की मध्यंतरी कुणीतरी गुळाची भली मोठी ढेप त्याला टांगली होती. काट्याच्या पेलण्यापलीकडची. आतली कमान ताणली गेली आणि पुरती मागं आलीच नाही. त्या दिवसापासून प्रत्येक तोलाला पन्नास ग्रॅम माल कमी जात होता, तोल लहान असो की मोठा. पाच किलो घेणाऱ्याला शंभरात एक हिस्सा कमी, त्याच्या ते ध्यानातही येत नव्हतं. अर्धा किलो घेणाऱ्याचा मात्र दहावा हिस्सा बुडत होता, आणि अर्धा किलो घेणारे कोण, तर रोजची मजुरी रोज घेणारे. म्हणून तक्रार त्यांचीच.

दुकानदारानं तो काटा काढून माळ्यावर टाकला. उधारीची वही घेऊन बसला आणि दोन-तीन महिन्यांत कुणी किती वेळा माल नेला ते मोजून घरोघर धान्य पोचवलं. ज्यांची नोंद नव्हती त्यांना त्यांच्या तोंडी हिशेबानं दिलं. गवंड्यानं घेतलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा त्याच दुकानात यायला लागला.

या सगळ्यानंतर आठवड्यानं वर्गात तोच धडा आला. मी फळ्यावर उभी रेघ ओढली आणि मुलगी उभी राहिली. “सर, एक विचारू? आमचे बाबा विकतात काय? वजन, का वस्तुमान?”

बत्तीस वर्षांत मला इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही. मी तिला म्हटलं, तूच सांग, गिऱ्हाईक पैसे कशाचे देतो? ती म्हणाली, तांदळाचे. तांदूळ घाट चढून आला आणि ताणकाट्यावर वीस ग्रॅम उतरला, तर भात कमी होईल काय? नाही, दाणे तेवढेच की. पोटाला कमी लागेल काय? नाही. मग? “मग वस्तुमान विकतात,” ती म्हणाली, आणि लगेच तिच्या कपाळावर आठी आली. “पण सर, तागडी तर वजनानंच खाली जातीय.”

इथं सगळं आलं. तागडी खाली जाते ती ओढीनंच. पण तिच्या दोन्ही पारड्यांत एकाच जागी, एकाच पृथ्वीची ओढ असते. ओढ कमी झाली तर तांदळावरचीही कमी आणि लोखंडी वजनावरचीही त्याच प्रमाणात कमी, दांडी आपली समच. पणजीत एक किलो भरलेला तांदूळ बेळगावात, हिमालयात, फार काय चंद्रावरही तागडीत एक किलोच भरेल. ताणकाट्याचं तसं नाही. त्याच्याकडं तुलनेला दुसरं पारडंच नसतं. त्याला फक्त आपली कमान किती ताणली एवढंच कळतं, मग ताणणारी पृथ्वी असो, चंद्र असो किंवा मागच्या महिन्यातली गुळाची ढेप असो. मुलीनं वहीत तिच्या भाषेत लिहिलं ते मला अजून आठवतं. तागडी वजन वापरते आणि वस्तुमान सांगते. मी फळ्यावरची रेघ पुसली आणि ते वाक्य लिहिलं.

बाजाराला वस्तुमानासाठी वेगळा शब्द का लागला नाही, त्याचं उत्तरही यातच आहे. तागडीनं तो हिशेब गुपचूप मिटवून टाकला होता. एका गावात, एका ओढीखाली, जास्त वजन म्हणजे जास्त वस्तुमान. पूर्वी शेर होता, ऐंशी तोळ्यांचा, आजच्या हिशेबानं साधारण ९३३ ग्रॅम. १९५८ पासून त्याच्या जागी किलो यायला लागला. लोकांनी कुरकुर केली ती शेर गेला म्हणून. आपण मोजतो ते बल की द्रव्य, हे विचारायची पाळी कुणावर आलीच नाही.

पण ओढ बाजूला ठेवली तरी वस्तुमान उरतं, ते कशावरून? याला मी ‘तूक’ या शब्दाची मदत घ्यायचो. कन्नडमध्ये ‘तूगु’ म्हणजे तोलणं, आणि ‘तूगु’ म्हणजेच झोका देणं, पाळणा हलवणं. मान डोलावण्यालाही तेच. तागडी टांगती असते, हलते, तशी पाळण्यासारखीच, त्यावरून एकच क्रियापद झालं असेल. पण भाषेनं नकळत जोडलेल्या या दोन गोष्टींत मोठं पदार्थविज्ञान भरलेलं आहे. रिकामा पाळणा हलवायला बोट पुरतं, गुटगुटीत बाळ घातलं की हात लावावा लागतो. इथं तुम्ही बाळ उचलत नाही, त्याचा भार दोऱ्या पेलतात. तुम्ही त्याला फक्त जागचं हलवता आणि ते जागचं हलायला नाराज असतं. हलायला लागलं की थांबायला नाराज. ही नाराजी म्हणजे वस्तुमान. भरल्या हातगाड्याला सपाट रस्त्यावर पहिला रेटा देताना हमालाला जी जाणवते, तीच.

आता गंमत बघा. बाळ असो की नसो, दोरी तेवढीच असेल तर एका झोक्याला वेळ मात्र जवळपास तेवढाच लागतो. जितकी नाराजी जास्त, तितकीच पृथ्वीची ओढही जास्त, दोघांचा हिशेब फिटतो. न्यूटनला हा हिशेब खरोखर फिटतो का ते तपासायचं होतं. त्यानं दोन सारख्या लाकडी पेट्या अकरा-अकरा फुटांच्या दोऱ्यांना टांगल्या, एकीत लाकूड भरलं आणि दुसरीत तेवढ्याच वजनाचं सोनं, मग चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, पाणी आणि गहू असं एकेक घालून झोके दिले. सगळ्यांचे झोके बरोबरीनं चालले. हजारात एक भागाचाही फरक असता तर कळला असता, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. हे ‘प्रिन्सिपिया’त, १६८७ साली. सोन्या-चांदीच्या रांगेत गहू बघून मला न्यूटन एकदम आमच्या गुरुवारच्या बाजारातला माणूस वाटतो. तोही शब्दशः ‘तूगु’च करत होता, दोन्ही अर्थांनी.

अवकाशात तागडीही चालत नाही आणि ताणकाटाही नाही. तिथं गुरुत्वाकर्षण नसतं असं पुष्कळ पुस्तकांत छापलेलं असतं, ते चूक. चारशे किलोमीटरवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ नऊ दशांश असते. पण यान आणि आतला माणूस दोघेही एकाच वेगानं सतत पडत असतात, पडता पडता पृथ्वीला वळसा घालत असतात, म्हणून काटा शून्य. दोर तुटलेल्या विहिरीतल्या बादलीत तागडी ठेवली तर जे होईल ते. पण महिनोन् महिने तरंगणाऱ्या माणसाच्या अंगातलं मांस कमी होतं आहे का, हे डॉक्टरांना कळायला तर हवं. १९७३ साली अमेरिकनांनी स्कायलॅबवर एक खुर्ची नेली होती. तिला स्प्रिंग लावलेली, माणसाला तिच्यात घट्ट बसवायचं, एक हिसडा द्यायचा आणि खुर्ची किती वेळात मागं-पुढं होते ते मोजायचं. या झोक्यात पृथ्वीची ओढ नसते, म्हणून हिशेब फिटत नाही. वस्तुमान जास्त, तर झोका संथ. वजन शून्य असलेल्या माणसाचं वस्तुमान असं हलवून मोजतात. ही गोष्ट सांगितल्यावर आमच्या वर्गातली पोरं एकमेकांना बाकावरून ढकलून मोजायला लागली, तेव्हा तास आवरता घ्यावा लागला.

एवढं शिकून दहावी झाली की आमची पोरं बेळगावच्या कॉलेजात जातात आणि तिथं सगळं इंग्रजीत. वस्तुमान, रास, तूक सगळं मागं, समोर मास आणि वेट. त्या मुलीनं पहिल्या वर्षी एका वहीत तीन रकाने पाडले होते, मराठी, कन्नड, इंग्रजी, आणि दर रविवारी गावाकडं आली की मला दाखवायची. पुष्कळ हुशार पोरं मी याच पायरीवर घसरलेली पाहिली. त्यांना विषय येत नव्हता असं नाही. पण त्यांनी शब्दच पाठ केले होते, आणि शब्द बदलल्यावर हातात काही उरलं नाही. ती टिकली, बी.एस्सी. झाली, आता हुबळीला शिकवते. तिच्या वर्गात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं असतात आणि ती पहिल्या तासाला त्यांना तोच प्रश्न घालते, दुकानदार काय विकतो म्हणून.

खुद्द किलोग्रॅमचंही मध्यंतरी स्थलांतर झालं. १८८९ पासून तो पॅरिसजवळ सेव्हरला ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता. त्याची आपली प्रत, सत्तावन्न क्रमांकाची, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून मात्र किलोग्रॅमची व्याख्या ठोकळ्यावरून काढून प्लँकच्या स्थिरांकावर बसवली आहे. व्याख्येवरून किलोग्रॅम प्रत्यक्ष मिळवायला किबल तराजू नावाचं यंत्र वापरतात, त्यात एका बाजूला वस्तूवरची पृथ्वीची ओढ आणि दुसऱ्या बाजूला विजेच्या तारेवरचं बल. आणि त्यासाठी ते यंत्र ज्या खोलीत ठेवलं असेल, नेमक्या त्या जागची ओढ अतिशय बारकाईनं मोजावी लागते. जगातला सगळ्यांत अचूक किलोही आपण किती उंचीवर बसलो आहोत हे विचारल्याशिवाय पुढं सरकत नाही. हे वाचलं तेव्हा मी हुबळीला फोन केला. “मग सर, यालाही तागडीसारखंच म्हणायचं की,” ती म्हणाली. “वापरायचं वजन, सांगायचं वस्तुमान.”

दुकान आता तिचा भाऊ बघतो. तागडी गेली, इलेक्ट्रॉनिक काटा आला. हा नवा काटा दिसायला कितीही ऐटबाज असला, तरी आतून तो ताणकाट्याचाच भाऊबंद आहे. आतली धातूची पट्टी दाबाखाली किंचित वाकते, त्यावरून तो बल ओळखतो आणि आकडा किलोत छापतो. म्हणून असा काटा जिथं वापरायचा तिथंच प्रमाण वजनं ठेवून बरोबर करून घ्यावा लागतो, आणि ठराविक मुदतीनं शिक्काही मारून घ्यावा लागतो. बारीक काम करणाऱ्या काट्यांना तर घाटाखालचा हिशेब घाटावर चालतच नाही. हे सगळं त्या मुलाला कुणी सांगितलं ते माहीत नाही, वडिलांनी की बहिणीनं. पण सकाळी दुकान उघडल्यावर उदबत्ती लावून झाली की तो जुन्या तागडीबरोबरचं पाच किलोचं लोखंडी वजन उचलून काट्यावर ठेवतो. पितळी पारडी मोडीत गेली, पण हे त्यानं ठेवलं आहे. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा ते नुकतंच ठेवलेलं होतं आणि आकडा ५.००० दिसत होता. तो उतरवून झाल्यावर त्यानं मला अर्धा किलो गूळ तोलून दिला.